वाचकाचा सभासद कसा होतो? ‘क्रांती’ आणि १९२८चा गिरणी संप

मतपत्र काढणे एक वेळ सोपे. वाचकाला कृतीपर्यंत नेणे अवघड. मुंबईत १९२७ साली कामकरी-शेतकरी पक्षाने सुरू केलेल्या ‘क्रांती’ या मराठी साप्ताहिकाचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. श्रीपाद अमृत डांगे, एस. एस. मिरजकर, के. एन. जोगळेकर ही मंडळी या चळवळीत अग्रभागी होती.

त्या वेळी गिरणीमालक विणकराला दोनऐवजी तीन माग चालवायला लावू पाहत होते. परिणामी काहींची नोकरी जाणार, उरलेल्यांवर ताण वाढणार, हे उघड होते. डाव्या विचाराला येथे पगार आणि मागांच्या हिशेबाचा आधार मिळाला. एप्रिल १९२८मध्ये सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन स्थापन झाली आणि ‘क्रांती’ तिचे मुखपत्र बनले. वर्षअखेरीस युनियनचे सभासद ५० हजारांवर गेले. ऑक्टोबरमध्ये फॉसेट समिती नेमण्याच्या तडजोडीवर संप मिटला.

मात्र २० मार्च १९२९ रोजी मीरत खटल्यात डांगे, मिरजकर, जोगळेकर यांच्यासह प्रमुख नेत्यांना अटक झाली. त्यानंतरचा १९२९चा सार्वत्रिक संप अपयशी ठरला. पत्रामुळे वाचक एकत्र येतात; परंतु मोजक्याच माणसांवर उभी असलेली संघटना त्यांच्या अटकेने खचते. समाजमाध्यमांवरून अनुयायी जमवणाऱ्या आजच्या चळवळींनाही हा धडा लागू पडतो.