गणिताच्या वहीतलं पान

पनवेल स्टेशन. शनिवारची सकाळ, साडेनऊ वाजलेले. मे महिना. गाडी इथूनच सुटते, म्हणून बसायला मिळतं. भाचा खिडकी पकडतो आणि खिशातून घडी घातलेलं पान काढतो. गणिताच्या चौकोनी वहीतलं. त्यावर गेमिंग कॉम्प्युटरच्या भागांच्या सात ओळी: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट. खाली रेघ, रेघेखाली एकूण. एकूणाचा आकडा इतक्या वेळा खोडलाय की तिथे कागद विरलाय.

आता तिथे ५५,००० लिहिलंय. वाढदिवसांची पाकिटं, सुट्टीत केलेलं डेटा एंट्रीचं काम आणि वरचे पंधरा हजार आजीचे. निघताना आजी एवढंच म्हणाली, "पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नकोस रे."

खांदेश्वर, मानसरोवर, खारघर. डबा भरत जातो. वाशीच्या पुलावर खाडीचा वारा लागतो, तेवढाच काय तो गारवा. भाचा पेन्सिलीने आकडे पुन्हा जुळवतो. मॉनिटर यादीत नाही. घरातला टीव्ही वापरायचा असं ठरलंय. टीव्ही १९२० बाय १०८० चा, सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा. "मग त्याहून फार जास्त देणारं कार्ड घेऊन काय करू, मामा?" तो म्हणतो. अंथरूण पाहून पाय पसरणं त्याला कुणी शिकवलेलं दिसत नाही. पानावर मात्र ते उतरलंय.

कुर्ल्याला गाडी बदलायची, दादरला पुन्हा. ग्रँट रोडला उतरून पूर्वेला बाहेर पडलो की पाच-सात मिनिटांत रस्ता लागतो. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. तोंडी लॅमिंग्टन रोड. याच रस्त्यावरच्या मिनर्व्हा थिएटरात १९७५ पासून पाच वर्षं 'शोले' चालला. आता गर्दी वायरींची, कॅमेऱ्यांची, खोक्यांची आहे. उद्या रविवार, बाजार बंद. म्हणून आज झुंबड जास्त.

फुटपाथवर एचडीएमआय केबलींची वेटोळी लटकतायत. रिमोटचा ढीग. मल्टिमीटर, सोल्डरिंग गन, चार्जर. हातगाडीवर कॅबिनेटचे खोके माणसाच्या डोक्याच्या वर रचलेले. हमाल "बाजू, बाजू" करत जातो. खोक्यांमधून वाट काढत आम्ही एका अरुंद जिन्याने वर चढतो. पायऱ्या झिजून मधे खोलगट झाल्यात.

वरचं दुकान दहा बाय बाराचं. एसी आहे, पण दार सतत उघडं. काउंटरपाशी तीन रांगा, म्हणजे रांग एकही नाही. सगळे एकदम बोलतायत. काउंटरवरचा माणूस मान वर न करता विचारतो, "बजेट बोलो." भाचा पान काचेवर ठेवतो. माणूस पान पाहतो, मग भाच्याकडे पाहतो. "स्वतः केली यादी?" आता मराठीत.

प्रोसेसरच्या ओळीत दोन नावं आहेत. आय-थ्री १२१००एफ, चार कोर. रायझन ५ ५६००, सहा कोर, बारा थ्रेड. पहिलं स्वस्त. भाचा दुसऱ्यावर बोट ठेवतो. दोन्हींत चित्र दाखवायची स्वतःची सोय नाही, म्हणजे कार्ड हवंच. माणूस तिसरं सुचवतो: ५६००जी. त्यात ग्राफिक्स आतच असतं, कार्ड पुढच्या वर्षी घेता येतं. ज्याचं बजेट तीसच्या आसपास, त्याला तो हेच देतो. भाचा क्षणभर थांबतो. मग मान हलवतो. ५६००च.

मदरबोर्डला घाई नाही. जुन्या बी४५० बोर्डात बायोस जुनं असेल तर हा प्रोसेसर ओळखलाच जात नाही. म्हणून भाचा खोक्यावरचं स्टिकर शोधतो. शेवटी बी५५० ठरतो, चार रॅम स्लॉटवाला. दोन आता भरायचे, दोन मोकळे ठेवायचे.

रॅमपाशी गणित अडतं. पानावरचा आकडा मागच्या महिन्यातला. माणूस कॅल्क्युलेटर फिरवून दाखवतो. भाव वर गेलेत. जगभरच्या एआय डेटा सेंटरना मेमरी हवी आहे, कारखान्यांचा माल तिकडे वळतोय. त्याची झळ या जिन्यावरच्या दुकानात, पनवेलच्या एका मुलाच्या पानापर्यंत पोचते. आठ-आठच्या दोन पट्ट्यांऐवजी एकच आठची घ्यावी का? भाचा नाही म्हणतो. जोडीने लावल्या की दोन्ही वाटांनी माहिती धावते, एकटीने निम्मीच. तो एसएसडीच्या ओळीवर जातो. १ टीबी खोडतो, ५०० जीबी लिहितो. एसएसडी पुढे वाढवता येते.

शेजारी एक मुलगा जुनं ग्राफिक कार्ड उलटंपालटं करून पाहतोय. भाव निम्मा. पंख्याच्या पात्यांवर काळसर थर. अशी कितीतरी कार्डं क्रिप्टोच्या खाणकामात रात्रंदिवस तापलेली असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाने ती पद्धतच सोडली आणि जगभर ढिगांनी कार्डं विकायला आली. काही अजून उत्तम चालतात, काही महिनाभरात डोळे मिटतात. बाहेरून कळत नाही. भाचा नवंच मागतो: आरएक्स ६६००, आठ जीबीचं. पानावरच्या पैशांतला एक तृतीयांशाहून मोठा वाटा ही एकच ओळ घेते.

"गोडाऊन से आ रहा है, पाच मिनिट."

पाच मिनिटांची पस्तीस होतात. आम्ही जिन्यात उभे. खालून कटिंग येतो. घाम मानेवरून पाठीत उतरतो. वर-खाली करणारी पोरं खोके छातीशी धरून धावतायत. एक बाप-लेक आमच्याच वरच्या पायरीवर बसलेत, बापाच्या मांडीवर कॉलेजच्या प्रवेशाची फाइल. दोघं हळू आवाजात हिशेब करतात. या जिन्यात सगळ्यांच्या हातात एक कागद आहे, आणि प्रत्येक कागदावर काहीतरी खोडलेलं.

कार्ड येतं. आता एसएमपीएस, सगळ्यांना वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटबरोबर एक फुकट मिळतोय, लेबलवर ४५० वॅट छापलेलं. माणूस दुसरा काढतो, ५५० वॅटचा, ब्राँझ दर्जाचा, निम्म्या भाराला सुमारे ८५ टक्के वीज कामी लावणारा. दोन्ही भाच्याच्या दोन हातांवर ठेवतो. काही सांगत नाही. फुकटचा हात रिकाम्या डब्यासारखा वर उचलला जातो. दुसरा खाली ओढतो. भाचा पानाच्या कोपऱ्यात लिहितो: प्रोसेसर ६५, कार्ड १३२, बाकी पन्नासेक. बेरीज अडीचशेच्या आसपास. ५५० मध्ये निवांत बसते. पनवेलला पावसाळ्यात दिवे मिणमिणतात, वीज जाते-येते. तो झटका आधी हा डबा झेलतो. खेळताना हा पडद्यावर कुठेच दिसणार नाही, आणि सगळ्यांचा जीव त्याच्याच हातात. मला विचाराल तर या अख्ख्या यादीतली सर्वांत शहाणी ओळ हीच.

शेवटी कॅबिनेट. काचेचं, सात रंगांत लुकलुकणारं समोर मांडलंय. त्याची नजर तिथे रेंगाळते. सतरा-अठरा वर्षांच्या पोराची रेंगाळणारच. मग तो जाळीच्या तोंडाचं, साधं काळं मागतो. वारा आत गेला पाहिजे.

"बिल हवंय की नको? नको असेल तर कमी करतो." जीएसटी १८ टक्के. रक्कम लहान नाही. त्या पैशांत १ टीबी परत येते. भाचा माझ्याकडे बघत नाही. "बिल द्या, सिरीयल नंबर टाकून." प्रोसेसरची वॉरंटी तीन वर्षांची आहे आणि ती पावतीवरच चालते.

एवढे खोके घेऊन दोनदा गाडी बदलणं नको. टॅक्सीने सीएसएमटी गाठतो, म्हणजे पुन्हा सुरुवातीपासून बसायला मिळतं. कॅबिनेट वरच्या फळीवर, कार्ड भाच्याच्या मांडीवर. सव्वा तास तो हात काढत नाही.

पनवेलला अंधारून आलंय. घरी चटई अंथरलेली. आजी खुर्ची ओढून बसते. भाचा आधी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावतो, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून. मग प्रोसेसर उघडतो. बिस्किटाएवढा चौकोन, पोटाखाली १३३१ पिना, केसासारख्या. कोपऱ्यात इवलासा सोनेरी त्रिकोण. तोच त्रिकोण सॉकेटवर शोधायचा, समोरासमोर आणायचा आणि सोडायचं. जोर अजिबात लावायचा नाही. चौकोन आपल्या वजनाने खाली बसतो. रॅमला मात्र अंगठ्याने दाबावं लागतं. खट. दुसरी. खट.

साडेदहाला बटण दाबतो. पंखे फिरतात. टीव्हीवर 'नो सिग्नल'. कुणी बोलत नाही. भाचा मागे वाकतो, केबल बोटाने चाचपतो. ती मदरबोर्डच्या भोकात आहे. ५६०० ला चित्र दाखवता येत नाही, हे सकाळपासून त्याला पाठ. केबल काढून कार्डात लावतो.

पडदा उजळतो. बायोस. प्रोसेसरचं नाव, १६ जीबी, तापमान ३८ अंश. गेम अजून लांब आहे, विंडोजही टाकायचंय. तो नुसता ३८ कडे बघत बसतो.

आजी हात पुढे करते. भाचा बिलं तिच्या हातात देतो. ती चष्मा लावून एकेक आकडा वाचते, मग उठते, कपाट उघडते. घराची कागदपत्रं, रेशनकार्ड, आजोबांचं पेन्शनचं पुस्तक असलेल्या पिशवीत बिलं ठेवते आणि चेन लावते.