धमनीच्या भिंतीतला रक्तपुरवठा

हृदयविकार समजावताना हमखास नळाचा दाखला दिला जातो: धमनी म्हणजे नळ, कोलेस्टेरॉल म्हणजे गाळ, आणि नळ तुंबला की झटका. या चित्रात धमनीच्या भिंतीला काही कामच उरत नाही. प्रत्यक्षात ती भिंत जिवंत असते, तिला प्राणवायू लागतो. आतून वाहणाऱ्या रक्तातून तो झिरपतो खरा, पण फार खोलवर नाही. हार्वे वोलिन्स्की आणि सेमूर ग्लागोव्ह यांनी १९६७मध्ये निरनिराळ्या सस्तन प्राण्यांच्या महाधमन्या तपासल्या. भिंत साधारण अर्ध्या मिलिमीटरहून जाड असली, की बाहेरच्या बाजूने सूक्ष्म रक्तवाहिन्या तिच्या मधल्या थरात शिरलेल्या त्यांना दिसल्या. शरीरशास्त्रात यांना व्हासा व्हासोरम म्हणतात. मेद का साचतो, याचे मुख्य उत्तर कोलेस्टेरॉलच आहे. पण वर्षानुवर्षे निमूट असलेला मेदाचा थर एकाएकी घातक का होतो, याचे उत्तर शोधताना या वाहिन्यांना वगळून चालणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

थर जाड होतो तसा त्याच्या आतल्या पेशींना प्राणवायू कमी पडू लागतो. मग या पेशी रक्तवाहिन्यांची वाढ करणारी रसायने सोडतात आणि व्हासा व्हासोरमला नव्या केशवाहिन्या फुटून थरात घुसतात. या वाहिन्या कच्च्या असतात. पेशींचे सांधे सैल, आधार अपुरा, त्यामुळे त्यांतून रक्त पाझरते. तांबड्या पेशीचे आवरण कोलेस्टेरॉलने समृद्ध असते, त्यामुळे प्रत्येक रक्तस्रावाबरोबर थरात कोलेस्टेरॉलची भर पडते. फ्रँक कोलोजी, रेणू विरमाणी आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये मृतांच्या हृदयधमन्या तपासल्या, तेव्हा जिथे तांबड्या पेशींच्या आवरणाचे अवशेष अधिक, तिथे थराचा मृत गाभा मोठा आणि भक्षक पेशींची गर्दीही जास्त आढळली. म्हणजे कोलेस्टेरॉल केवळ धमनीच्या पोकळीतूनच भिंतीत जाते असे नाही. ते मागच्या दारानेही येते.

यावर पहिला आक्षेप असा, की या वाहिन्या रोगाचा परिणाम आहेत, कारण नव्हेत. सुरुवातीपुरते ते खरेच आहे. पण १९९९मध्ये केरेन मोल्टन आणि ज्यूडा फोकमन यांच्या गटाने उंदरांना नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी द्रव्ये दिली, तेव्हा रक्तातले कोलेस्टेरॉल तेवढेच राहूनही थरांची वाढ मंदावली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. तरीही परिणामच उलटून रोग वाढवू लागतो, एवढे त्यातून दिसते. मग या वाहिन्यांची वाढ औषधाने रोखावी का? कर्करोगात वापरले जाणारे बेव्हासिझुमॅब नेमके तेच करते, आणि त्याने धमन्यांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. शिवाय निरोगी व्हासा व्हासोरम भिंतीला हवेच असतात. बायपाससाठी पायातली शीर काढताना भोवतालची चरबी सोलण्याची रीत आहे, तीत या वाहिन्याही तुटतात. स्वीडनमधल्या ओरेब्रोत डोमिंगोस सोझा यांनी शीर चरबीसकट काढायला सुरुवात केली. तिथल्या चाचणीत १६ वर्षांनी अशा ८३ टक्के शिरा खुल्या होत्या, तर जुन्या रीतीने काढलेल्या ६४ टक्के. या रीतीत शीर दाबाने फुगवलीही जात नाही, त्यामुळे सगळे श्रेय सूक्ष्म वाहिन्यांना देता येणार नाही. मात्र त्यातला काही वाटा त्यांचा आहे, असे मानायला जागा आहे.