काळ्या रानावरचे मजले

17 सप्टेंबर 2025 रोजी, म्हणजे मराठवाडा निजामाच्या अमलातून मुक्त झाला त्या दिवसाच्या वर्धापनदिनी, बीड शहरातून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी गाडी सुटली आणि अहिल्यानगर–बीड–परळी या 261 किलोमीटरांच्या लोहमार्गाची, कित्येक दशके कागदावरच राहिलेली तजवीज निम्म्याहून अधिक तरी प्रत्यक्षात उतरली. धुळे-सोलापूर महामार्ग आधीपासून होताच. जेथे दळणवळण वाढते तेथे जमिनीचे भाव चढतात आणि भाव चढले की घरेही आकाशाच्या दिशेने चढू लागतात, हा नागर जीवनाचा जुनाच नियम असल्यामुळे, 2011 च्या खानेसुमारीत 1,46,709 वस्ती नोंदविलेल्या या जिल्ह्याच्या ठिकाणीही जालना रोड, बार्शी रोड आणि नगर रोड यांच्या कडेने, खाली गाड्यांची जागा व वर सदनिका अशा बहुमजली इमारतींच्या गोष्टी ऐकू येऊ लागल्या, तर त्यात नवल काहीच नाही. मुंबई-पुण्याच्या मानाने हे मजले ठेंगणेच म्हणायचे. परंतु राष्ट्रीय इमारत संहितेच्या व्याख्येप्रमाणे 15 मीटर किंवा त्याहून अधिक उंचीची प्रत्येक इमारत ही ‘उंच इमारत’ होय. तेव्हा पाच मजल्यांच्या आतबाहेरचे घरही त्या पंक्तीत जाऊन बसते.

ही उंची किती असावी याचा दप्तरी हिशेब आता पूर्वीपेक्षा सुटसुटीत झाला आहे. राज्य शासनाने 2 डिसेंबर 2020 रोजी मंजूर केलेली एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मुंबई व काही मोजके प्रदेश वगळता महाराष्ट्रभर लागू झाली, आणि समोरचा रस्ता किती रुंद, भूखंड केवढा, चटईक्षेत्र निर्देशांक किती, अधिमूल्य भरून त्यात किती भर घालता येईल, या प्रश्नांची उत्तरे नगर परिषदांच्या हद्दीतही एकाच ग्रंथात सापडू लागली. नियमावली वाईट नाही. मात्र रस्त्याची रुंदी टेपाने मोजता येते आणि अधिमूल्य खजिन्यात भरता येते. पायाखालची भूमी आणि डोक्यावरचा पाऊस यांचा निर्देशांक अधिमूल्य भरून वाढवून घेण्याची सोय कोणत्याही शासनाला करता आलेली नाही. बीडच्या बाबतीत या दोहोंपैकी भूमी बिचारी निमूटपणे भार सोसील; अडवणूक करील ते पाणी, असे माझे मत आहे. भूमीची बदनामी फार झाली आहे म्हणून आधी तिची बाजू मांडतो.

जुन्या महसुली व्यवहारात गावच्या जमिनीचे दोन भाग मानले जात: कसायची ती काळी आणि वसायची ती पांढरी. काळीत घर बांधू नये ही समजूत ज्यांनी रूढ केली त्यांना तिच्यामागचे रसायनशास्त्र अवगत नसले तरी परिणाम पुरता ठाऊक होता. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज विपुल असते. त्याचे पापुद्रे इतके पातळ, की एकाची जाडी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाइतकी भरावी, आणि एका पापुद्र्याचा दुसऱ्याशी असलेला बंध इतका दुर्बल, की पाणी मध्ये शिरून त्यांना सहज दूर सारते. म्हणून आषाढात ही माती फुगते आणि वैशाखात आकसून तिला मनगटापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराच्या न्हाणीकडील कोपऱ्याखाली ओल अधिक आणि रस्त्याकडील कोपऱ्याखाली कमी, असे झाले की एक बाजू उचलली जाते, दुसरी जागेवर राहते, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते, पावसाळ्यात दार चौकटीत अडकते, आणि घरधनी गवंड्याच्या नावाने बोटे मोडीत बसतो.

आता गंमत अशी, की या फुगवट्याचा उपद्रव उंच इमारतीपेक्षा हलक्या बंगल्यालाच अधिक होतो. सात मजल्यांचे ओझे काळीवर टेकविण्याचा विचार कोणताही शहाणा अभियंता करीत नाही. तो काळी उपसून टाकतो, खालचा चुनखडीमिश्रित मुरूम ओलांडतो आणि कातळ लागेपर्यंत फुटिंग किंवा पाइल खाली नेतो, त्यामुळे मातीच्या आकसण्याफुगण्याशी त्या इमारतीचा संबंधच राहत नाही. उलट शेतजमीन अकृषिक करून पाडलेल्या प्लॉटावर, तीन-चार फूट खोल पायावर, हौसेने बांधलेले एकमजली घर मातीच्या त्या रेट्याला दाबून धरण्याइतके जड नसते. अशा घरांसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने फार पूर्वीच एक स्वस्त उपाय विकसित केला. साधारण साडेतीन मीटर खोलीखाली ऋतुमानाप्रमाणे होणारा ओलाव्याचा फरक जवळजवळ नाहीसा होतो. तेथवर खांब न्यावयाचा आणि त्याच्या तळाशी, खांबाच्या जाडीच्या अडीचपट व्यासाचा कंद भूमीतच कोरून काँक्रीटने भरावयाचा, की तो कंद खांबाला वर उचलू देत नाही. आपल्याकडे हा उपाय जितका वापरला जायला हवा तितका वापरला जात नाही, कारण जमिनीत गाडलेला खर्च पाहुण्यांना दाखविता येत नाही.

काळीच्या खाली जो कातळ आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून उसळलेल्या लाव्हाचा. हा लाव्हा एकाच वेळी आला नाही. थरावर थर साचत गेले, आणि दोन थरांच्या मधल्या काळात वरच्या पृष्ठभागाचे जे विदारण झाले त्याचा तांबड्या मातीचा पट्टा आजही कित्येक विहिरींच्या कडांतून स्पष्ट दिसतो. अखंड, घट्ट बसाल्ट हा बांधकामासाठी जगातील उत्तम पायांपैकी एक; पण त्याच्याच पोटात सच्छिद्र, भुसभुशीत थर किंवा ही तांबडी माती दडलेली असू शकते, आणि पोकलेनच्या दातांना कठीण लागले म्हणून तेथेच पाया टेकविणाऱ्याला तिचा पत्ता लागत नाही.

पत्ता लागतो तो वेधनाने. जमिनीत नळीसारखे छिद्र पाडून काढलेल्या दगडाच्या दंडगोल तुकड्यांची एक लाकडी पेटी असते. तुकडे खोलीच्या क्रमाने ओळीने मांडलेले आणि कडेला रंगाने आकडे लिहिलेले. भूवैज्ञानिक त्यातले 10 सेंटीमीटरहून लांब असलेले तुकडेच निवडून त्यांच्या लांबीची बेरीज करतो. दीड मीटरच्या वेधात अशा तुकड्यांची बेरीज 1 मीटर 20 सेंटीमीटर भरली तर कातळाची प्रत 80 टक्के, म्हणजे चांगली. बेरीज 30 सेंटीमीटर भरली तर 20 टक्के, म्हणजे त्या दगडाचा दगडपणा नावापुरताच. ही पेटी पाहायला शिकावे, मग जाहिरातीतली संगमरवरी लॉबी डोळ्यांत भरत नाही.

भूमीचा विषय निघाला म्हणजे मराठवाड्यात किल्लारीचे नाव निघतेच. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास शेजारच्या लातूर जिल्ह्यात झालेला तो भूकंप परिमाणाने सहापेक्षा थोडाच अधिक होता, पण माणसे मेली ती हजारोंनी. आणि ज्या घरांखाली ती मेली ती उंच नव्हतीच. मातीच्या लेपात रचलेल्या दगडांच्या दोन-दोन फूट जाड भिंती, त्या भिंतींच्या आतल्या व बाहेरच्या अंगांना परस्परांशी जखडणाऱ्या लांब दगडांचा अभाव, आणि माथ्यावर उन्हापासून रक्षण करणारे पण वजनाने भयंकर असे मातीचे माळवद! भूकंपाचे बल वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, या साध्या नियमाने त्या रात्री न्याय केला. त्याउलट 26 जानेवारी 2001 रोजी कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा दोनशेहून अधिक किलोमीटर दूरच्या अहमदाबादेत ज्या बहुमजली इमारती कोसळल्या, त्यांच्यापैकी पुष्कळांचा तळमजला गाड्यांसाठी मोकळा सोडलेला होता. वरच्या मजल्यांना भिंतींचा ताठरपणा आणि खाली नुसतेच खांब. साहजिकच सारी हालचाल त्या एका मजल्यात एकवटली. प्रत्येक इमारतीचा स्वतःचा एक झोका असतो; 21 मीटर उंचीच्या काँक्रीटच्या सांगाड्याचा तो भारतीय मानकाच्या सूत्राने पाऊण सेकंदाच्या जवळ येतो, आणि साबरमतीच्या जाड गाळाने नेमकी अशीच संथ कंपने वाढवून वर पाठविली. बीडच्या कातळाकडून हा अपाय होण्याचा संभव पुष्कळच कमी आहे. तथापि मोकळ्या तळमजल्याचा दोष येथेही तितकाच घातक. त्यावर उपाय नाही असे नाही: तळमजल्यात काँक्रीटच्या अखंड भिंती घालणे आणि खांबांच्या लोखंडाला नीट बांधणे.

‘नीट’ म्हणजे काय ते कोणालाही डोळ्यांनी पाहता येते. खांबातील उभ्या गजांभोवती जी चौकोनी कडी घालतात, जिला बांधकामावरचे लोक ‘रिंग’ म्हणतात, तिची दोन्ही टोके काटकोनात वाकवून सोडली तर भूकंपाच्या हिसक्याने बाहेरचे काँक्रीट सुटताच ती उघडते आणि गज बाहेर फाकतात. तीच टोके 135 अंशांत वाकवून, सहा सेंटीमीटरहून अधिक शेपूट आतल्या काँक्रीटमध्ये रुतवली, तर कडी उघडत नाही. अंशांच्या या फरकासाठी लागणारे जादा लोखंड इतके थोडे असते की त्यावर काटकसर करणाऱ्याच्या हिशेबीपणाचे कौतुकच केले पाहिजे. काँक्रीट ओतल्यावर मात्र सारेच साधूसंत.

आणि पाणी. त्याचा हिशेब मी थोडा सविस्तर मांडतो. सात मजले, प्रत्येक मजल्यावर चार सदनिका, दर सदनिकेत पाच माणसे, म्हणजे 140 माणसांची एक लहानशी वाडीच. शहरी माणसाला दररोज 135 लिटर हा आपल्याकडचा रूढ मापदंड धरला तर या इमारतीला रोज सुमारे 19 हजार लिटर पाणी हवे. म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ दोन टँकर. हे पाणी गच्चीपर्यंत चढवायला वीज किती लागेल म्हणाल तर दिवसाला तीन-चार युनिट, म्हणजे भौतिकशास्त्राच्या दृष्टीने नगण्य. अडचण चढविण्याची नाहीच. मुळात चढवायला पाणी असण्याची आहे. पावसाचे पाणी साठविण्याची व्यवस्था नियमावलीने घालून दिली आहे आणि ती योग्यच आहे, पण तिच्याकडून अपेक्षा किती करावी? या इमारतीची गच्ची 400 चौरस मीटरांची, वर्षाचा पाऊस साडेसहाशे मिलिमीटर आणि त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तर 2 लाख 8 हजार लिटर पाणी जमते आणि ते 11 दिवसांत संपते. त्याच गच्चीखाली एकच मजला, म्हणजे वीसच माणसे असती, तर तेच पाणी 77 दिवस पुरले असते. मजले वाढतात, माणसे वाढतात. गच्ची आणि आभाळ तेवढेच राहते. उंच इमारत स्वतःच्या भूखंडावरच्या पावसावर जगू शकत नाही, ती नेहमीच दूरच्या कोणत्या तरी धरणाची आश्रित असते. बसाल्टमध्ये पाणी धरायला भेगांपलीकडे फारशी जागा नसल्याने बोअरचा आधारही बेताचाच.

आमची धरणे म्हणजे पालीचे बिंदुसरा आणि सिंदफणेवरचे माजलगाव. ही धरणे काही वर्षी भरतात, काही वर्षी तळ दाखवतात. केज तालुक्यातील धनेगावच्या मांजरा धरणावर अवलंबून असलेल्या लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. त्याहून बोलका दाखला खुद्द बीड जिल्ह्यात आहे. परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राची धुराडी ही या जिल्ह्यातील सर्वांत उंच बांधकामांमध्ये मोडतात. ती कोणत्याही वाऱ्याने वा हादऱ्याने हलली नाहीत, परंतु गोदावरीवरचा खडका बंधारा कोरडा पडला तेव्हा 2013 साली आणि पुन्हा 2015 साली पाण्याअभावी ते केंद्र बंद ठेवावे लागले.

पाण्याची ही अनिश्चितता पुन्हा भूकंपाच्या प्रश्नाला येऊन भिडते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. नळ कित्येक दिवसांच्या अंतराने येतो म्हणून प्रत्येक कुटुंब गच्चीवर आपली स्वतंत्र टाकी ठेवते. 28 सदनिकांच्या दोन-दोन हजार लिटरच्या टाक्या म्हणजे 56 टन वजन, आणि तेही नेमके माथ्यावर. डोक्यावर भरलेली घागर घेऊन चालणारी बाई ठेचाळली म्हणजे तिची जी गत होते तीच या इमारतीची. साठा जमिनीखाली आणि वर फक्त एका दिवसाचे पाणी, हा शहाणा मार्ग. पण त्यासाठी 28 कुटुंबांचा एकमेकांवर विश्वास पाहिजे, आणि या बाबतीत भौतिकशास्त्राचा काही उपयोग नाही.

शहराबाहेर काही मैलांवर, निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सलाबतखानाने बांधविलेली खजाना विहीर आहे. तिचे पाणी भुयारी मार्गांनी, निव्वळ उताराच्या बळावर शेतांपर्यंत जाई. त्या स्थापत्यकाराने आधी पाणी कोठे आहे ते शोधले आणि मग बांधकामाला हात घातला. आपल्या परवान्यांत क्रम उलटा आहे. नगर परिषदेने उंच इमारतीचा नकाशा मंजूर करताना रस्त्याच्या रुंदीइतकेच महत्त्व त्या इमारतीच्या वाट्याला येणाऱ्या पाण्याच्या लेखी हमीला द्यावे, आणि बिंदुसरेच्या काठी, जुलै 1989 चा महापूर पाहिलेल्या या शहरात, पूररेषेच्या आत तळघराचे वाहनतळ मुळीच मंजूर करू नयेत. आणि बीडमध्ये नव्या इमारतीत सदनिका घेणाऱ्या वाचकांना एवढेच सांगणे, की इसाराची रक्कम हातावर ठेवण्यापूर्वी वेधनाचा अहवाल मागा, पुढचा स्लॅब ओतण्याच्या आदल्या दिवशी एखाद्या खांबाच्या रिंगा पाहून या, आणि मे महिन्यातले पाणी कोठून येणार ते बिल्डरकडून लिहून घ्या.