भाताला साय कुठून आली?

संक्रांत जवळ आली की बीड जिल्ह्यातल्या शिवारात तुरीला ओल्या शेंगा लगडलेल्या असतात. हरभऱ्याचे घाटेही भरू लागतात. ढाळे उपटायचे, बांधावर बसायचं आणि सोलून हिरवे दाणे तोंडात टाकायचे! पण नेमक्या याच दिवसांत आष्टी, पाटोदा, धारूर, केज या भागांतले कितीतरी आईबाबा ऊसतोडीला गेलेले असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास गेलेली माणसं परततात ती मार्च-एप्रिलकडे. घरी उरतात आजी-आजोबा आणि नातवंडं. मग पुष्कळ घरांत चुलीपुढे बसते ती बारा-तेरा वर्षांची ताई, नाहीतर दादा.

म्हणून आज एका पातेल्यात होणारा, आजीच्या दातांना झेपणारा भात. आणि गंमत म्हणजे तो आहे इटलीचा!

इटालियन भाषेत तांदळाला 'रिसो' म्हणतात, त्यावरून या भाताचं नाव रिसोत्तो. उत्तर इटलीत पो नदीच्या खोऱ्यात भाताची मोठमोठी खाचरं आहेत. तिथे वसंतात 'फावा' नावाच्या, आपल्या पावट्याहून बऱ्याच मोठ्या दाण्यांच्या शेंगा येतात. रोमकडची माणसं तर १ मे रोजी (आपला महाराष्ट्र दिन!) सहलीला जाऊन हे दाणे कच्चेच चीजबरोबर खातात. म्हणजे आपल्या ढाळ्यांचीच तऱ्हा झाली की! हेच कोवळे दाणे रिसोत्तोतही पडतात.

रिसोत्तो इतका दाट, मऊ असतो, की यात साय घातली असणार असं वाटतं. खरं तर ती करामत तांदळातल्या पिठूळ पदार्थाची, म्हणजे स्टार्चची. स्टार्च दोन प्रकारचा: अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असेल तर भात मोकळा होतो, कमी असेल तर चिकट. इटलीतला आर्बोरिओ तांदूळ चिकटातला. ढवळताना दाण्यावर दाणा घासतो, स्टार्च सुटतो आणि पाणी दाट होतं. म्हणून हा तांदूळ धुवायचा नाही, नुसता निवडायचा. धुतला की वरचं पीठ गेलंच वाहून!

आपल्याकडे यासाठी इंद्रायणी झकास. आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून मावळातल्या वडगावच्या संशोधन केंद्रात तयार झालेला हा वाण. बीडच्या कोरडवाहू रानात भात पिकत नाही, पण दुकानात इंद्रायणी मिळतो.

आता चूल पेटवा. वाटीभर ओले तुरीचे दाणे (किंवा सोलाणे) मीठ घातलेल्या पाण्यात मऊ शिजवून ठेवा. दुसरीकडे पाच वाट्या पाण्यात लसूण, कोथिंबिरीच्या काड्या आणि चार मिरे टाकून आधण ठेवा. ते शेवटपर्यंत गरमच हवं, गार पाणी पडलं की शिजणं थांबतं. जाड बुडाच्या पातेल्यात चमचाभर तुपावर बारीक चिरलेला कांदा मऊ होऊ द्या, लाल नको. त्यात वाटीभर तांदूळ दोन मिनिटं परता. मग एक पळी आधण घाला, ढवळा. आटलं की दुसरी पळी. असं पंधरा-वीस मिनिटं. काम कंटाळवाणं आहे खरं, पण इथे घाई केली तर साधा मऊ भातच होईल.

इटालियन माणसाला दाणा दाताखाली किंचित लागायला हवा असतो. आजीला नको असेल तर आणखी दोन पळ्या घाला! शेवटी दाणे, मीठ, मिरपूड घाला आणि पातेलं खाली उतरवून चमचाभर लोणी घालून जोरात घोटा. तिकडे यात पार्मेजान चीज किसून घालतात. ते नसेल तर दोन चमचे गोड घट्ट दही घाला. चव वेगळी येते, पण मला तीच जास्त आवडते.

ताटलीत वाढा आणि ताटली जरा कलती करा. भात लाटेसारखा सावकाश पसरला तर जमला. लगेच खायला बसा, कारण गार झाला की त्याचा गोळा होतो. उरलाच तर सकाळी त्यात थोडं बेसन, हिरवी मिरची घालून वडे थापा.