लिअर राजाची वाटणी



रिसोडच्या बाजारात सोयाबीनचा भाव विचारणाऱ्या बायका आज इंग्लंडच्या राजाची गोष्ट कशाला सांगायला बसल्या, असं तुम्हाला वाटेल. आमच्या घरच्यांनाही तसंच वाटतं. पण आमच्या गटाला हे वेड लागलंय खरं. महिन्याची बचत गोळा झाली, वहीत सह्या झाल्या की अर्धा तास गोष्टीचा. आधी 'नटसम्राट' सिनेमा पाहिला, मग त्याचं मूळ शोधत शोधत शेक्सपिअरपर्यंत पोचलो. मराठीतूनच बरं का, इंग्रजी आम्हाला कुठलं येतं!

लिअर राजा म्हातारा झाला. कारभार सोडून निवांत राहावं म्हणाला. तीन लेकींना समोर उभं केलं आणि विचारलं, तुमचं माझ्यावर किती प्रेम आहे ते सांगा, मी राज्य वाटून देतो. थोरल्या दोघींनी गोडवे गायले. धाकटी कॉर्डेलिया म्हणाली, लेकीनं बापावर करावं तेवढं करते, कमीही नाही आणि जास्तही नाही. राजा भडकला. तिला काही न देता घालवून दिलं आणि सगळं दोघींत वाटून मोकळा झाला. स्वतःकडे ठेवली शंभर माणसं. ती घेऊन महिनाभर एकीकडे, महिनाभर दुसरीकडे राहायचं ठरलं. मग लेकींनी शंभराची पन्नास केली, पन्नासाची पंचवीस, आणि शेवटी म्हणाल्या, एक तरी माणूस कशाला हवा तुम्हाला? वादळाच्या रात्री म्हातारा घराबाहेर.

हे वाचत होतो तर गटातली एक आजी म्हणाली, "अवं, ही तर मिठाची गोष्ट!" बाप विचारतो मी किती आवडतो, धाकटी म्हणते मिठाइतके, बाप तिला हाकलतो, आणि पुढे अळणी जेवण पुढ्यात आलं की त्याचे डोळे उघडतात. ती गोष्ट आपल्याकडे आहे, इंग्लंडातही आहे, आणि अभ्यासक तिचं नातं लिअरशी जोडतात. आजीला पुस्तक न वाचताच ते कळलं.

शेक्सपिअरनं ही गोष्ट मनानं रचली नाही. त्याच्याआधी सुमारे साडेचारशे वर्षं इंग्लंडच्या राजांचा एक जुना इतिहास लिहिला गेला, त्यात हा राजा आहे. खरा की दंतकथेतला, तो भाग वेगळा. त्या जुन्या गोष्टीत धाकटीच्या मदतीनं बापाला गादी परत मिळते. शेक्सपिअरनं शेवट बदलला. त्याच्या नाटकात धाकटी बापासाठी धावून येते, पण मारली जाते, आणि तिचं प्रेत हातावर घेऊन बापही जीव सोडतो. 26 डिसेंबर 1606 ला खुद्द इंग्लंडच्या राजासमोर हा खेळ झाला. राजाला राजाची फजिती दाखवली म्हणायची!

मराठीत शेक्सपिअर यायला लागला त्यालाही आता दीडशे वर्षं झाली. सुधारक गोपाळ गणेश आगरकरांनी 1883 मध्ये 'हॅम्लेट' मराठीत आणलं, नाव 'विकारविलसित'. आगरकर शाळा शिकले अकोल्यात, आणि आपला वाशिम जिल्हा 1998 पर्यंत अकोल्यातच होता, म्हणून आम्ही त्यांना आपल्याकडचेच धरतो. देवलांचं 'झुंझारराव' 1890 चं. लिअर पूर्ण वाचायचा तर विंदा करंदीकरांचा 'राजा लिअर' आहे.

पण आमच्या मनात घर केलं ते कुसुमाग्रजांच्या 'नटसम्राट'नं. डिसेंबर 1970 मध्ये ते रंगमंचावर आलं, डॉ. श्रीराम लागू गणपतराव बेलवलकर झाले. इथे राजा नाही, रंगभूमी सोडलेला नट आहे. आयुष्याची कमाई मुलगा आणि मुलीला देऊन टाकतो आणि दोन्ही घरांतून उठतो. एक बदल कुसुमाग्रजांनी असा केला की त्यावर आम्ही दोन बैठका बोलत होतो. लिअरच्या नाटकात राणीच नाही. तीन लेकींची आई कुठे गेली, कोणी सांगत नाही. कुसुमाग्रजांनी गणपतरावांना बायको दिली, कावेरी. नवऱ्याबरोबर तीही घरोघर फिरते, अपमान सोसते, आणि त्यातच मरते.

आपल्याकडे वाटणी होते तेव्हा कावेरी कुठे असते? चहा करायला आत. बाहेर बापलेक, दोन-चार जाणते, आणि तलाठ्याकडे काय घालायचं त्याची चर्चा. तिला कळतं ते अंगठा द्यायच्या वेळी. आणि बहुतेक वेळा नवऱ्यामागे ती राहते. म्हणजे त्या वाटणीवर शेवटची वर्षं काढायची तिनंच.

म्हणून गोष्टीबरोबर आम्ही कागदही समजून घेतले. बक्षीसपत्राची नोंदणी झाली की मालकी गेली. मृत्युपत्रात मालकी मरेपर्यंत आपली, आणि मन बदललं तर तेही बदलता येतं. ज्येष्ठांसाठी 2007 चा कायदा आहे. त्याच्या कलम 23 प्रमाणे, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि पुढे सांभाळलं नाही, तर ते देणं रद्द करून मागता येतं. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. मात्र ती अट कागदात स्पष्ट लिहून घ्या. लिअरनं शंभर माणसांची अट नुसती तोंडी घातली होती! आणि लक्ष्मीमुक्ती योजनेत नवऱ्यानं अर्ज दिला तर सातबारावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. ही सोय 1992 पासून आहे. आमच्या गटात किती जणींचं नाव लागलंय ते मोजलं, तेव्हा सगळ्या गप्प बसल्या.

जाता जाता शेक्सपिअरच्या घरातलं सांगतो. त्यानं 1616 मध्ये मृत्युपत्र केलं. एकुलता मुलगा अकराव्या वर्षीच गेला होता, म्हणून बहुतेक सगळं थोरल्या लेकीला, सुझानाला. बायकोच्या नावानं लिहिला फक्त एक पलंग, तोही घरातला दोन नंबरचा. काही जण म्हणतात तो नवराबायकोचा नेहमीचा पलंग होता, चांगला पाहुण्यांसाठी असायचा, म्हणून त्यात मायाच होती. काही म्हणतात, कसली माया! हा वाद अजून मिटलेला नाही. आमच्या बैठकीतही मिटला नाही. एकजण मात्र वही मिटता मिटता म्हणाली, "तिच्या नावानं पलंग तरी लिहिला बाई. माझ्या नावावर तर खाट बी नाही."