कॉम्प्रेशन गेलं, पण कुठून?

वरकुट्यापासून इंदापूर-बारामतीपर्यंत कुठेही गाडी ओढेनाशी झाली, की गॅरेजमधलं निदान बहुधा ठरलेलं असतं: कॉम्प्रेशन गेलंय, इंजिन खोलावं लागेल. यातलं पहिलं वाक्य खरं असलं, तरी दुसरं त्यातून आपोआप निघत नाही. कॉम्प्रेशन मोजताना इंजिन गरम असताना सगळे प्लग काढायचे, इंधन आणि ठिणगी बंद करायची, थ्रॉटल पूर्ण उघडून सेल्फ मारायचा आणि प्लगच्या भोकात बसवलेल्या गेजचा काटा वाचायचा. पेट्रोल गाडीत तो साधारण 150 ते 180 पौंडांवर थांबतो. पण मॅन्युअलमधला आकडा समुद्रसपाटीचा असेल, तर तो इथे जसाच्या तसा लावून चालत नाही. हा पट्टा 500 मीटरहून उंच, हवेचा दाब सहाएक टक्क्यांनी कमी. 180चे 170 भरले, तर त्यात इंजिनाचा काय दोष? बॅटरी उतरली असली तरी काटा खालीच राहतो. म्हणून चार सिलिंडरमधली तफावत पाहावी. तीन 165 आणि एक 110 असेल, तर दुखणं त्या एकात. शेजारचे दोन पडले, तर संशय मधल्या हेड गॅस्केटवर.

मुरलेला मेकॅनिक म्हणेल, हे सेल्फच्या आवाजावरूनच कळतं. कळतं खरं, कमजोर सिलिंडरवर स्टार्टर हलका पळतो. मात्र गळती रिंगांतून आहे की व्हॉल्वमधून, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडतात. काटा चढला तर रिंगा झिजल्या, असं मानतात. इथेही घाई नको. 300 सीसीच्या सिलिंडरमध्ये हवा दहापट दाबली जात असेल, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम 33 सीसी. त्यातले 5 सीसी ऑइलनेच व्यापले, की दाबणूक साडेअकरापटीवर जाते आणि धडधाकट सिलिंडरचाही काटा चढतो. तेव्हा तेवढंच ऑइल चांगल्या सिलिंडरमध्येही घालून ताडून पाहावं. डिझेलमध्ये जागा त्याहून कमी, तिथे हा प्रयोग नकोच.

ऑइल घालूनही काटा ढिम्म राहिला, तर संशय व्हॉल्ववर जातो आणि लगेच हेड उतरवायची भाषा सुरू होते. सीएनजीवर पळणाऱ्या गाड्यांत व्हॉल्वची सीट झिजते, व्हॉल्व वर सरकतो, टॅपेटचा गॅप संपतो आणि व्हॉल्व पूर्ण मिटत नाही. ज्या इंजिनात हा गॅप हाताने लावता येतो, तिथे आधी वरचं झाकण काढून फीलर गेज घालावा. सीट फारच खचली असेल, तर हेड उतरवावंच लागेल.