वेष बदललेला नायक आणि त्याचा उंच आवाज

आम्ही खुटबावच्या बचत गटाच्या बाया बोलतोय.

मागच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही मिटली, तेवढ्यात रेडिओवर एक नाट्यपद लागलं. आमच्यातली एक ताई म्हणाली, "बाप्या माणूस असून एवढ्या उंच आवाजात का गातो हा?" आज त्याच प्रश्नावर बोलू.

पेटीवर बोटं उजवीकडे सरकली की सूर चढतो. पुरुषांच्या आवाजातला जो उंच आवाज, त्याला इंग्रज लोक 'टेनर' म्हणतात. त्यांच्याकडे गाण्यांनी भरलेली हसवणारी नाटकं असतात, त्यांना कॉमिक ऑपेरा म्हणतात. त्यात प्रेमात पडलेल्या तरुण नायकाची गाणी बहुतेक वेळा या उंच आवाजासाठी रचलेली असतात. हुकूम सोडणाऱ्या राजाला जाड, खालचा आवाज देतात.

1885 साली लंडनमध्ये 'द मिकाडो' नावाचं असं नाटक आलं. शब्द गिल्बर्ट यांचे, संगीत सलिवन यांचं. त्यातला नायक राजपुत्र आहे. वयानं मोठ्या असलेल्या एका बाईशी त्याला लग्न करावं लागणार असतं, म्हणून तो पळून जातो आणि भटक्या गवयाचा वेष घेतो. त्याची आवडती मुलगी मात्र तिच्या पालकालाच दिलेली! नायक येतो तो गातच. कसली गाणी म्हणू, प्रेमाची, देशाची की दर्यावरची, असं तो लोकांना विचारतो.

गोष्ट ओळखीची वाटते ना? त्याच्या तीन वर्षं आधी, 1882 साली, आपल्या पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत सौभद्र' रंगभूमीवर आलं होतं. बलरामदादांनी सुभद्रा दुर्योधनाला द्यायची ठरवलेली. तिचं मन अर्जुनावर. मग अर्जुन संन्याशाचा वेष घेतो, कृष्ण आतून सूत्रं हलवतो आणि सुभद्रा त्या 'महाराजां'ची सेवा करत बसते. प्रेक्षकांना सगळं माहीत, तिला काहीच नाही. हसू येतं ते तिथंच. एकानं दुसऱ्याचं घेतलं असं नाही. घरच्यांनी परस्पर ठरवलेलं लग्न दोन्हीकडे होतं, एवढंच.

आता उंच आवाजाचं कारण. तेव्हा माइक नव्हते. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचे तर सूर चढाच लागे. शेतात बांधावरून हाक मारताना आपणही आवाज चढवतोच की. दुसरं कारण भावनेचं. उंच सुरात आर्जव चांगलं येतं. नायक हुकूम करत नाही, विनवतो.

फरकही आहे. तिकडे गाणं कागदावर लिहिलेल्या सुरांप्रमाणे, मोठ्या वाद्यवृंदाबरोबर म्हणतात. आपल्याकडे गवई तेच पद ताना घेऊन रंगवत जातो. प्रेक्षकांनी 'वन्स मोअर' दिला की पुन्हा म्हणतो.

दुसरा फरक आम्हाला जास्त टोचला. लंडनमध्ये नायिकेचं काम बाईच करायची. आपल्याकडे त्या काळी सुभद्रा झाले ते भाऊराव कोल्हटकर. गळा गोड, लोक वेडे व्हायचे, पण सुभद्रेचं दुःखसुद्धा पुरुषानं गायचं! पुढे हिराबाई बडोदेकरांनी भावंडांसह स्वतःची मंडळी काढली आणि सुभद्रा बाईच्या गळ्यातून बोलू लागली.

हे ऐकून ती ताई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझ्या लग्नात मला कुणी विचारलंच नव्हतं. मी पंधराची होते." सगळ्याच शांत झालो. नाटकात कृष्ण धावून येतो. आपल्या वस्तीवर तो येत नाही, आपल्यालाच उठावं लागतं. मुलीला अठरा पूर्ण होईपर्यंत थांबायचं आणि नंतरही आधी तिला विचारायचं, असं त्या दिवशी गटाच्या वहीत लिहिलं. कुठे बालविवाह ठरतोय असं कळलं तर 1098 या नंबरावर फोन करा.

आणि पुढच्या वेळी रेडिओवर उंच आवाजातलं पद लागलं, तर बंद करू नका. तो विनवतोय, हे ऐका. आणि जिला विनवतोय, तिचं काय म्हणणं आहे, तेही विचारा.